परत पाठवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

मेडिकल कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम म्हणून तुमचं नाव निघालं की रेसिडेंट डॉक्टर म्हणतात, "त्या परत पाठवतात." मलाही पाठवलंत. त्याचेच हे जाहीर आभार.

माझ्या थिसिसचा प्रश्न एका ओळीचा होता: व्यायामाने गुडघेदुखी किती कमी झाली? तुम्ही माझी एक्सेल शीट बाजूला सारलीत आणि अमेरिकेतल्या शिसेबाधित मुलांचा डेटा उघडलात. 100 मुलं, निम्म्यांना सक्सिमर हे शिसं शरीराबाहेर काढणारं औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही. रक्तातलं शिसं सुरुवातीला आणि मग पहिल्या, चौथ्या, सहाव्या आठवड्यात मोजलेलं. "आता सांग, औषधाचा परिणाम किती?"

पहिल्या आठवड्यात औषधाच्या गटाची सरासरी 26.5 वरून 13.5 वर आली होती, प्लासिबोची 26.3 वरून 24.7 वर. दोन्ही घटींतला फरक डेसिलिटरमागे 11.4 मायक्रोग्रॅम. चौथ्या आठवड्यात तोच फरक 8.8, सहाव्यात जेमतेम 3.2, कारण हाडांत मुरलेलं शिसं पुन्हा रक्तात उतरतं. सगळ्या भेटी मिळून एकच आकडा काढला असता तर ही उतरण दिसलीच नसती. रिग्रेशनमध्ये, म्हणजे कशामुळे किती फरक पडतो हे मांडणाऱ्या समीकरणात, गट आणि आठवडा यांचा गुणाकार कशासाठी घालायचा, हे त्या तीन आकड्यांनी डोक्यात उतरवलं.

बाकीचं तुम्ही येताजाता सांगितलंत. एकाच मुलाची चार मापं म्हणजे चार मुलं नव्हेत. ज्याचं शिसं आधी जास्त, त्याचं नंतरही बहुधा जास्तच, आणि मॉडेलने हे नातं धरायला हवं. आमच्याकडे सर्रास दर भेटीला वेगळी टी-टेस्ट (दोन सरासरींची तुलना) लावतात. त्याहून वाईट म्हणजे, एका गटात आधी-नंतरच्या फरकाची पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली आणि दुसऱ्यात वर, की उपचार जिंकला! गटांतला फरक थेट मोजायचे कष्ट कोण घेतो?

माझ्या अभ्यासातले काही रुग्ण पेरणीच्या दिवसांत तपासणीला आले नाहीत. मिक्स्ड मॉडेल, म्हणजे एकाच रुग्णाच्या मापांतलं नातं धरणारं मॉडेल, त्यांची उरलेली मापं वापरतं, म्हणून मी खूश होते. तुम्ही विचारलंत, "पेरणीमुळे आले नाहीत, की दुखणं वाढल्यामुळे?" दुसरं कारण असेल, आणि आधीच्या मापांत त्याची चाहूल नसेल, तर मॉडेलही फसतं. मग मी एकेकाला फोन लावत बसले. थिसिसमधलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम तेच.

गाइडना तक्ता दाखवला: दर भेटीचा फरक, शेजारी 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे डेटाशी जुळणाऱ्या फरकांचा पल्ला. "पी व्हॅल्यू कुठाय?" त्यांनी विचारलंच. शेवटच्या रकान्यात ठेवलीय.

तुमच्या विभागाची नसलेली,
तुमची विद्यार्थिनी