नावावर जाऊ नकोस, मॉड्यूल हँडबुक वाच

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. काका-काकूंना नमस्कार सांग.

जर्मनीत धंदा, आयटी आणि आंतरसांस्कृतिक विषय एकत्र शिकवणाऱ्या मास्टर्स कोर्सांची तू पाठवलेली यादी पाहिली. निम्म्या नावांत 'इंटरनॅशनल', 'डिजिटल' आणि 'मॅनेजमेंट' हेच शब्द पुढे-मागे केलेत. नावावरून काही ठरवू नकोस. इथे जर्मनीत कोर्सचं मॉड्यूल हँडबुक (कोणत्या विषयात काय शिकवतात आणि त्याला किती क्रेडिट, याची पुस्तिका) बहुधा विद्यापीठाच्या वेबसाइटवरच मिळतं. ते उघड आणि क्रेडिट मोज. मास्टर्स बहुतेक ठिकाणी चार सेमिस्टरचं आणि १२० क्रेडिटचं असतं. एका क्रेडिटमागे अभ्यासाचे २५ ते ३० तास धरतात, म्हणजे ३० क्रेडिटचं एक सेमिस्टर ७५० ते ९०० तासांचं झालं. थिसिस बाजूला ठेव आणि उरलेल्यात डेटाबेस-ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) किती, अकाउंटिंग-फायनान्स किती, आंतरसांस्कृतिक विषय किती, हे तीन रकान्यांत लिही. तिसरा रकाना बिनक्रेडिटच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपवर उरकला असेल, तर तो जाहिरातीपुरता आहे असं खुशाल समज.

हेच रकाने स्वतःच्या डिग्रीला लाव, कारण बरेच अर्ज इथेच आपटतात. पुष्कळ कोर्स संगणकशास्त्र, व्यवस्थापन आणि गणित-संख्याशास्त्र यांचे किमान क्रेडिट वेगवेगळे मागतात. तुझ्यासारख्या बी.कॉम.वाल्यांना संगणकशास्त्र कमी पडतं, इंजिनिअरांना अकाउंटिंग. मग मार्क कितीही चांगले असोत, नकार येतो. शिवाय मार्कशीटवरच्या नुसत्या 'पेपर दोन'वरून इथल्या माणसाला काय कळणार? कॉलेजकडून अभ्यासक्रमाची शिक्क्याची प्रत घे आणि तुझा कोणता पेपर त्यांच्या कोणत्या गटात बसतो याचा तक्ता सोबत जोड.

आपले मार्क जर्मन ग्रेडमध्ये बदलायचं गणित असं: कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल आणि पासिंगमधल्या फरकाने भाग, ३ ने गुण, १ मिळव. इथे १ सर्वोत्तम आणि ४ जेमतेम पास. १० पैकी ८ असतील आणि पासिंग ४ ला असेल तर उत्तर २.० येतं, पासिंग ५ ला धरलं तर २.२. एवढ्यानेही यादीतून नाव जाऊ शकतं, म्हणून पासिंग किती ते ट्रान्सक्रिप्टवर स्पष्ट छापलेलं असू दे.

कागदपत्रांत सगळ्यात आधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी डिग्री-मार्कशीट खरी असल्याचा तपासणीचा दाखला. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते व्हिसासाठी लागतं, आणि ऐन हंगामात वेळ खातं. हिवाळी सेमिस्टरची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलै असते, पण बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी खिडकी कधी कधी काही महिने आधीच बंद होते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी पैसे आधीच भरून ठेवायचं, दरमहा ठरावीक रक्कमच देणारं खातं) सध्या वर्षाचे ११,९०४ युरो लागतात. त्यातले महिन्याला ९९२ हाती येतात. काकांना हे आत्ताच सांगून ठेव.

आता तिसऱ्या, आंतरसांस्कृतिक रकान्याबद्दल, कारण तू त्याला 'सॉफ्ट स्किल' म्हणून सोडून दिलंयस. समज, एका कंपनीत तक्रारी नोंदवायची तिकीट सिस्टीम बसवायची आहे आणि कोणता कर्मचारी किती वेळात तक्रार सोडवतो हे तिच्यात नोंदलं जातं. आपल्याकडून आलेला विद्यार्थी आराखड्यात गरजा, डेव्हलपमेंट, टेस्टिंग, ट्रेनिंग लिहितो आणि हात झटकतो. पण इथे कर्मचाऱ्यांच्या कामावर नजर ठेवता येईल अशी प्रणाली आणायची, तर कंपनीत कामगार परिषद (कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी) असल्यास तिची संमती कायद्याने लागते. नोंद नुसती शक्य असली तरी पुरे. 'आम्ही तो रिपोर्ट बघणारच नाही' हे उत्तर चालत नाही. करार झाला नाही की तयार सॉफ्टवेअर तसंच पडून राहतं. धंदा, आयटी आणि संस्कृती यांची गाठ नेमकी इथे पडते.

मीटिंगमध्ये 'हो, बघते' म्हणालीस तर इतिवृत्तात तुझं नाव आणि तारीख चढते. 'गुरुवारी नाही जमणार, सोमवारी देते' असं थेट म्हण, कोणी रागावत नाही. आणि संस्कृतींची तुलना करणाऱ्या हॉफस्टेड या डच अभ्यासकाचे देशवार आकडे पाठ करून माणसं ओळखायला जाऊ नकोस. मूळ माहिती १९७० च्या आसपासच्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांची आहे, आणि सरासरी देशाची असते, समोरच्या माणसाची नव्हे.

शिकवणं इंग्रजीत असलं तरी कामगार परिषदेशी बोलणं बहुतेक जर्मनमध्येच चालतं, आणि इंटर्नशिपच्या कित्येक जाहिराती जर्मनची बी२ (वरची मध्यम) पातळी मागतात. ए२ (प्राथमिक) पातळीपर्यंतचं तिथेच उरकून ये. इथे आल्यावर ७५० तासांतून क्लासला वेळ काढणं फार जड जातं.

तुझा,
दादा