मोहोराच्या फवारणीविषयी कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सादर नमस्कार.

मी देवगड तालुक्यातील हापूसचा बागायतदार आहे. मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात, आणि पंपाची नळी धरून कलमाखाली उभा राहणारा गडी आमच्याकडे बहुधा नेपाळचा असतो.

आम्ही फवारतो त्यांपैकी डायमेथोएटसारखी औषधे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील आहेत. डिसेंबर १९३६ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे गेरहार्ड श्राडर हे रसायनतज्ज्ञ किडीवरचे औषध शोधत असताना त्यांच्या हाती याच गटातील टाबून हे मज्जातंतूंवर घाला घालणारे जहाल विष लागले; त्याचा थेंब सांडताच त्यांच्या व सहकाऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, धाप लागली, आणि ते संशोधन सैन्याने गुप्त ठेवले. १९३८ मध्ये त्याच जातीचे सारिन हे दुसरे विष आले. म्हणजे शेतासाठी शोधलेले रसायन आधी युद्धखात्याने नेले आणि महायुद्धानंतर त्याचीच सौम्य भावंडे बागांत आली.

सौम्य असली तरी ही औषधे शरीरात सारिनच्याच वाटेने जातात. मज्जातंतूंचा संदेश वेळीच थांबवणारे कोलिनेस्टरेज हे विकर ती निकामी करतात. मग लाळ, घाम, उलट्या आणि शेवटी श्वास कोंडणे. उताराही तोच, ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम. गेल्या हंगामात माझ्या गड्याला भर दुपारी हा त्रास झाला, तेव्हा जवळच्या सरकारी दवाखान्यात पहिले इंजेक्शन मिळाले, दुसऱ्यासाठी मात्र रात्री गाडी काढून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले. तो वाचला. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करणारे अनेक शेतकरी व मजूर वाचले नाहीत.

बाटलीवर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो आणि आत घडी घातलेली माहितीपत्रिकाही असते, पण तिची अक्षरे चष्मा लावूनही मला वाचता येत नाहीत. नेपाळी गड्याला लिपी ओळखीची असली तरी मजकूर समजत नाही. म्हणून विनंती अशी की, औषध विकणाऱ्या प्रत्येक कृषी सेवा केंद्राने मोठ्या अक्षरांतील, चित्रांसह, मराठी व नेपाळी भाषेतील पान बाटलीसोबत द्यावे, आणि आरोग्यमंत्र्यांशी बोलून मोहोराच्या हंगामापुरती तरी ही दोन्ही इंजेक्शने रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावीत. यंदाचा मोहोर येण्यापूर्वी उत्तर मिळावे, ही अपेक्षा.

आपला नम्र,
एक बागायतदार, देवगड तालुका