महामार्गाच्या ढालीवर क्रमांकच मोठा हवा

महोदय,
अमेरिकेत सुरुवातीला लिंकन हायवेसारखे रस्ते खांबांवर रंगवलेल्या पट्ट्यांवरून ओळखावे लागत. विस्कॉन्सिन राज्याने 1918 मध्ये राज्यभर रस्त्यांना क्रमांक दिले. 1926 मध्ये देशभरासाठी पांढऱ्या ढालीवर, म्हणजे ढालीच्या आकाराच्या मार्गफलकावर, काळी अक्षरे आली. त्या ढालीवर राज्याचे नाव, ‘यू एस’ आणि क्रमांक असे तिन्ही होते. वेग वाढल्यावर हीच गर्दी अडचणीची ठरली, कारण नावाने व्यापलेली जागा आकड्याच्या उंचीतून कापली जाते. पुढे नाव काढून टाकले, हे उत्तमच झाले.

1957 ची आंतरराज्य महामार्गांची लाल-निळी ढाल मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. एक-दोन अंकांसाठी ती 24 बाय 24 इंचांची, तीन अंकांसाठी 30 बाय 24 इंचांची. रुंदी न वाढवता तिसरा अंक कोंबला, तर अरुंद वळणाचे आकडे वापरावे लागतात आणि 8, 6, 3 दुरून सारखेच दिसतात. आकड्याभोवतीची मोकळी जागाही राखायलाच हवी. उन्हात लाल रंग आधी विटतो, म्हणून क्रमांक निळ्यावर पांढरा ठेवणे योग्यच. नवे फलक आखणाऱ्यांनी सजावटीआधी आकड्याची उंची ठरवावी.

– एक वाचक