कोणता डीएनए, तेही छापा!

महोदय,

चीनमधल्या हार्बिनच्या कवटीची ओळख डीएनएने पटली, ती डेनिसोव्हन या नामशेष मानवशाखेतल्या माणसाची निघाली, हा मजकूर आपल्या अंकात वाचला. ओळख पटली हे खरे. पण कोणत्या डीएनएने, ते बातमीत कुठेच नाही आणि सगळी मेख तिथेच आहे.

पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो: केंद्रकात सुमारे तीन अब्ज अक्षरांचा, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकात, जेमतेम साडेसोळा हजारांचा. हा दुसरा फक्त आईकडून येतो. एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून जुन्या हाडातून आधी तोच हाती लागतो. पण दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात आणि मायटोकॉन्ड्रिया त्यातल्या एकाच बाईची हकिगत सांगतो.

याचा फटका मीही खाल्ला आहे. जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात १८५६ साली सापडलेल्या, निअँडरथल या नामशेष मानवाच्या हाडातून १९९७ मध्ये या डीएनएचा तुकडा पहिल्यांदा वाचला गेला आणि तो आज हयात असलेल्या कोणाशीच जुळेना. मी फळ्यावर दोन सुट्या फांद्या काढून वर्षानुवर्षे सांगत राहिले, ‘संकराचा पुरावा नाही.’ २०१० मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ स्वांते पाबो यांच्या गटाने निअँडरथलचा केंद्रकीय डीएनए वाचला, तर आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्याचा अंश निघाला. आज तो एक ते दोन टक्के धरतात. डस्टर उचलावे लागले.

त्याच वर्षी सैबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या हाडाने तेच केले. मार्चमध्ये मायटोकॉन्ड्रिया म्हणाला, ही शाखा आपल्यापासून आणि निअँडरथलपासूनही सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच फुटली. डिसेंबरात केंद्रक म्हणाले, छे, ही तर निअँडरथलची बहीण. स्पेनमधल्या सिमा दे लोस उएसोस इथली हाडेही २०१३ मध्ये मायटोकॉन्ड्रियावरून डेनिसोव्हनच्या जवळची वाटली आणि २०१६ मध्ये केंद्रकावरून निअँडरथलच्या!

सर्वांत बोलका तुकडा डेनिसोव्हा गुहेतलाच आहे. दोन हजारांहून अधिक ओळख न पटणाऱ्या हाडांच्या कपच्यांमधून कोलॅजेन हे हाडातले प्रथिन तपासून तो वेगळा काढला. लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. मायटोकॉन्ड्रिया निअँडरथलचा, म्हणजे मुलगी निअँडरथल, असे कोणीही म्हटले असते. २०१८ मध्ये केंद्रकीय डीएनए वाचला आणि कळले, आई निअँडरथल, पण बाप डेनिसोव्हन. सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीच्या त्या पोरीचा बाप तिच्या मायटोकॉन्ड्रियात दिसणारच नव्हता.

आता हार्बिनची कवटी. तिच्या दातावर साचलेल्या कीटणातून मिळाला तो मायटोकॉन्ड्रियाचाच डीएनए. मग ओळख कच्ची का? तसे नाही. कवटीतून प्रथिनेही मिळाली आणि तीही डेनिसोव्हनकडेच बोट दाखवतात. प्रथिनांची पाककृती जवळजवळ सगळी केंद्रकातल्या जनुकांत असते, त्यामुळे ही साक्ष केवळ आईकडची उरत नाही. माझा विश्वास बसला तो त्यांच्यामुळे. आपल्या बातमीत मात्र प्रथिनांना एक ओळही मिळालेली नाही.

पुढच्या वेळी निदान ‘मायटोकॉन्ड्रियाचा’ एवढा एक शब्द डीएनएच्या आधी छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका