चित्राशेजारच्या पाटीवर एक ओळ वाढवा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

इंटरनेटवर बेवारस पडल्यासारखी दिसणारी छायाचित्रं गोळा करायची आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधून त्यांची नवी चित्रं घडवायची, हे माझं काम. आमच्या जमातीला कुणी चोर म्हणतं, कुणी कलेचं भविष्य. आपण या भांडणात पडू नये. बंदी नको, कौतुक समारंभही नको. सरकारी पैशातून विकत घेतलेल्या किंवा पुरस्कार दिलेल्या अशा प्रत्येक कलाकृतीसोबत, ती कोणत्या प्रतिमांतून घडली याची नोंद सक्तीची करा, एवढंच मागणं आहे.

दुसऱ्यांच्या प्रतिमा वापरणं नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हाना ह्योख ही चित्रकार मासिकांतली छायाचित्रं कापून कोलाज करत होती. पण तिच्या कामात कात्रीची कड दिसते. हा तुकडा दुसरीकडून आलाय, हे बघणाऱ्याला कळतं. अल्गोरिदम, म्हणजे आमचा चित्रं घडवणारा प्रोग्रॅम, ती कडच पुसून टाकतो. हजारो चेहऱ्यांतून तो एक चेहरा काढतो आणि मूळ चेहऱ्यांपैकी एकही ओळखू येईलच असं नाही. डोळ्यांना जे दिसत नाही, ते कागदावर तरी असायला हवं. आज पाटीवर काय असतं? ‘डिजिटल प्रिंट’. बस्स.

ऑक्टोबर 2018 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ‘एडमंड द बेलामी’ हे अल्गोरिदमने काढलेलं व्यक्तिचित्र 4,32,500 डॉलरला गेलं. सहीच्या जागी गणिती सूत्र होतं. 14व्या ते 20व्या शतकातल्या सुमारे 15 हजार व्यक्तिचित्रांवर तो प्रोग्रॅम शिकला होता. वाद झाला, पण तो कोड मुळात कुणाचा यावर. त्या 15 हजार चित्रांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. बरेचसे चित्रकार केव्हाच काळाआड गेलेले, तक्रार करणार कोण?

जिवंत माणसांच्या छायाचित्रांचं तसं नसतं. 2022 मध्ये ‘लायन-5बी’ नावाचा साठा खुला झाला : प्रतिमा आणि त्यांच्या वर्णनांच्या सुमारे 585 कोटी जोड्या, यंत्राने वेचलेल्या. शब्दांवरून चित्रं काढणारं ‘स्टेबल डिफ्यूजन’ याच साठ्यातल्या निवडक भागांवर शिकलं. डिसेंबर 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्यात बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रतिमांचे दुवे सापडले आणि साठा मागे घ्यावा लागला. एवढ्या प्रतिमा एकेक करून माणसाने पाहणं शक्यच नव्हतं. शिवाय त्या साठ्यात प्रतिमा नव्हत्याच, फक्त त्यांचे पत्ते होते. वेबवरचे पत्ते मरतात. काही वर्षांनी तपासायला बसाल तर हाती काही लागणार नाही. म्हणून नोंद काम घडतानाच व्हायला हवी. नंतर ती उभी करता येत नाही.

आणि ती जमते. अ‍ॅना रिडलर या कलावतीने ट्युलिपची 10 हजार छायाचित्रं स्वतः काढली, हाताने वर्णनं लिहिली आणि तो सगळा साठाच भिंतीवर लावला. माझ्यासारख्या वेचणाऱ्यांनाही फार कष्ट नाहीत : प्रतिमा उतरवतानाच तिचा पत्ता आणि तारीख जपणं हे चार ओळींच्या कोडचं काम आहे. (आळस सोडला तर दुसरी अडचण मला तरी दिसत नाही.)

खरी अडचण कंपन्यांची तयार मॉडेलं, म्हणजे आधीच शिकवलेले प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांची. मूळ प्रतिमांची यादी त्यांच्या हातात नसते. त्यांनी मॉडेलचं नाव, आवृत्ती लिहावी आणि पुढे सरळ ‘मूळ प्रतिमा अज्ञात’ असं लिहावं. लोकांचा पैसा त्यावर खर्चायचा का, हे मग खरेदी समितीने उघड्या डोळ्यांनी ठरवावं. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या 2024 च्या कायद्याने सर्वसाधारण वापराच्या मॉडेलांच्या निर्मात्यांना प्रशिक्षण-सामग्रीचा गोषवारा जाहीर करणं बंधनकारक केलं आहे. म्हणजे हा ‘अज्ञात’ही हळूहळू आक्रसेल.

एक काळजी मात्र घ्यावी. पूर्ण यादी भिंतीवर लावू नये. त्यात सामान्य माणसांचे चेहरे असतात, आपण कुठे पोचलोय हे त्यांना ठाऊकही नसतं. पाटीवर गोषवारा, पूर्ण यादी संग्रहालयाच्या दप्तरात. आणि ‘माझा फोटो यात आहे का?’ असं विचारत कुणी आलं, तर उत्तर देणारा एक जबाबदार अधिकारी.

कॉपीराइटचा निवाडा न्यायालयं करतील. ही नोंद त्यासाठी थांबायला नको; खरेदीच्या अर्जात एक रकाना वाढवला की पुरे. त्या रकान्याचा कच्चा मसुदा पत्रासोबत जोडला आहे. पुढच्या खरेदीपूर्वी तो समितीसमोर ठेवावा, ही विनंती.

आपली,
एक डिजिटल चित्रकार