कात्रज सहलीबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी आपली पुण्यातल्या कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाची सहल आहे. (बुधवारचा आग्रह धरणाऱ्यांसाठी: बुधवारी ते बंद असतं.) बस कोल्हापूरच्या बिंदू चौकातून पहाटे साडेचारला निघेल. कुणासाठी थांबणार नाही, मग तो अध्यक्षांचा जावई असला तरी.

एवढ्या लवकर का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. रविवारी तिकिटाला रांग लागते आणि ऊन चढलं की वाघ-सिंह सावलीला जाऊन आडवे होतात. म्हणून पोचल्यावर आधी वाघ, पांढरा वाघ, सिंह. साप-मगरी नंतर निवांत बघू. तळ्यासह आवार सुमारे १३० एकरांचं आहे, चालणं भरपूर. कापशी चप्पल आणि नवे सँडल घरीच ठेवा, पायात रुळलेले बूट घाला. गुडघेदुखीवाल्यांनी बॅटरीच्या गाडीचं तिकीट आधी काढावं, दमल्यावर नव्हे.

प्लास्टिकची पिशवी आणू नका. भडंग, चपाती-भाजी स्टीलच्या डब्यात आणा, जेवण बाहेर बसजवळच होईल. पाण्याची बाटली घरचीच.

पोरांना आधीच सांगून ठेवा: शेंगदाणे टाकणं, खडे मारणं, आरडाओरडा करणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. सापाच्या काचेवर टकटक तर अजिबात नको. त्याला बाहेरचे कान नसतात, पण हादरे बरोबर कळतात. मोठ्यांनाही हे लागू आहे. गेल्या खेपेला माकडांना वेडावणारे सगळे पन्नाशीचे होते.

नावं गुरुवारी रात्रीपर्यंत सचिवांकडे द्यावीत.