लांब केसांच्या हाउंडचं पिल्लू आणताय? आधी पट्ट्याचं बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मोठ्या जातींच्या पिल्लांवर लेख आला होता, घरात सगळ्यांनी वाचला, भाषा छान होती, पण अफगाण हाउंड आणि बोरझोईचे झुळझुळीत फोटो टाकून खाली जो सल्ला दिलाय तो लॅब्राडोरलाही चालेल असा आहे. रोज फिरवा, अधूनमधून ब्रश मारा, मोकळ्या मैदानात सोडून बॉलने खेळवा. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे आधी सलुकी होती, आता अफगाण आहे, त्यामुळे थोडं हक्काने बोलते.

ही कुत्री वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी. अफगाण, सलुकी, बोरझोई, आपल्याकडच्या कारवान हाउंडचा लांब केसांचा प्रकार पश्मी, सगळी त्याच घराण्यातली. बोरझोईला तर अमेरिकेत १९३६ पर्यंत रशियन वुल्फहाउंडच म्हणायचे, लांडग्यामागे सोडायची जात ती. पूर्ण वेगात धावताना एका ढांगेत दोनदा यांचे चारही पाय हवेत असतात, एकदा अंग आकसलेलं असताना आणि एकदा ताणलेलं असताना, आणि सलुकी ताशी ६० किलोमीटरच्या वर सहज जाते. आता अशा कुत्र्याला लांबवर मांजर दिसलं, किंवा नुसती वाऱ्यावर उडणारी प्लॅस्टिकची पिशवी दिसली, की तुम्ही नाव घेऊन कितीही ओरडा, ते ऐकू येण्याच्या पलीकडे गेलेलं असतं. उद्धटपणा नाही हो तो, त्या क्षणी त्याच्यासाठी जगात दुसरं काही उरलेलंच नसतं.

म्हणून पिल्लू घरी यायच्या आधी ब्रश आणि शॅम्पूच्या याद्या करत बसण्यापेक्षा ते पळणार कुठे हे ठरवा. बंदिस्त जागा हवी, कुंपण पाच-सहा फूट तरी उंच, खाली फटी नाहीत. जमिनीखाली वायर टाकून झटका देणारं कुंपण असतं ना, ते या जातींना काही कामाचं नाही, झटका जाणवेपर्यंत कुत्रं पलीकडे पोचलेलं असतं आणि मग झटक्याच्या भीतीने परत आत येत नाही. अशी जागा नसेल तर पट्टा, कायम पट्टा, आणि तो रिळातून सुटत जाणारा नको, कारण टोकाला पोचेपर्यंत त्याने एवढा वेग घेतलेला असतो की हिसका थेट मानेला बसतो (आणि धरणाऱ्याच्या खांद्याला, तो वेगळा). साधी कॉलरही नको. यांचं डोकं निमुळतं, मान त्याच्यापेक्षा जाड, मागे खेचलं की डोकं अलगद बाहेर. रुंद मार्टिंगेल कॉलर घ्या, ओढ बसली की ती ठरावीक मापापर्यंतच आवळते, गळा दाबत नाही पण सुटतही नाही.

"ये" म्हटल्यावर यायला शिकवायचंच नाही का, तर शिकवायचं, पहिल्या दिवसापासून, घरातल्या घरात, आणि आल्यावर दरवेळी त्याला आवडतं ते द्यायचं, कधीही बोलावून रागवायचं नाही. एक वेगळी शिट्टी फक्त अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावी. पण त्या शिकवण्यावर विसंबून रस्त्याकडेला पट्टा सोडायचा नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये कुत्र्यांच्या जातींची क्रमवारी लावली त्यात अफगाण अगदी तळाला होता, त्यावरून लोक या बिचाऱ्याला मठ्ठ म्हणतात. ती क्रमवारी आज्ञा किती पटकन पाळतो याची होती, अकलेची नव्हे. आमचं ध्यान दाराची कडी उघडतं, फ्रीजच्या दाराचा आवाज तीन खोल्यांपलीकडून ओळखतं, फक्त सांगितलेलं करावं असं त्याला मनापासून वाटत नाही इतकंच.

आता केसांचं. फोटोतली ती झुळझुळ पिल्लाला नसते. अफगाणचं पिल्लू आखूड मऊ लोकरीचं असतं, तोंडावर माकडासारख्या मिशा, आणि पहिले काही महिने ब्रशचं काम इतकं कमी असतं की माणूस म्हणतो, अरे उगाच घाबरवलं सगळ्यांनी. मग साधारण नऊ-दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत पिल्लाची लोकर गळते, खालून मोठेपणीचे रेशमी केस येतात, आणि सुटलेली लोकर त्या नव्या केसांत अडकून गुठळ्या होतात. रात्री विंचरलेलं सकाळी परत गुंतलेलं. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात, कॉलरखाली तर बघायलाच नको. बरोबर याच काळात कुत्रं वयात आलेलं असतं, पूर्ण उंचीचं, ऐकायचं बंद झालेलं, आणि लोक हात टेकतात ते इथे. म्हणून तुम्ही फोटो छापा, पण एखादा अकरा महिन्यांच्या अफगाणचाही छापा ना, निम्मे केस उभे, निम्मे आडवे, पाय नुसते काटकुळे, म्हणजे लोकांना कळेल आपण काय आणतोय.

विंचरून घ्यायची सवय काम असलेल्या दिवसात लागत नाही, काम नसलेल्या दिवसातच लावावी लागते. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला रोज दोन मिनिटं टेबलावर उभं करा किंवा आडवं झोपवा, पंजे हातात घ्या, कान उलटा, ड्रायरचा आवाज लांबून ऐकवा, खाऊ द्या, सोडा. विंचरायला काही नसलं तरी. नंतर कोरडे केस कधी विंचरायचे नाहीत, तुटतात, पाण्यात थोडं कंडिशनर घालून फवारा मारायचा आणि थर उचलत मुळापासून विंचरायचं, नाहीतर वरून गुळगुळीत आणि आत नुसता नमदा. गुंता असताना आंघोळ घालू नका, पाण्याने तो आवळतो. आधी बोटांनी सोडवा, मग आंघोळ, मग मुळापर्यंत वाळवणं. जेवताना कान वाटीत लोळू नयेत म्हणून कापडाची नळी मिळते, स्नूड म्हणतात, ती डोक्यावरून चढवली की झालं. आणि हो, पाठीवरचे केस एक दिवस आपोआप आखूड व्हायला लागतात, तो आजार नाही, अफगाणच्या पाठीवर तसा आखूड पट्टा येतोच, त्यासाठी तेलं चोळत बसू नका. सलुकी, बोरझोईचं हे सगळं बरंच सोपं, बोरझोई हंगामात पोतंभर केस गाळतो तेवढंच.

खाण्यापिण्यात एकच गोष्ट जोर देऊन सांगते, वरून कॅल्शियम देऊ नका. पिल्लू लांबटांग्या दिसायला लागलं की कोणी ना कोणी पावडर नाहीतर सिरप सुचवतंच, पण मोठ्या जातींच्या लहान पिल्लांच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही आणि हाडं वेडीवाकडी वाढू शकतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं देत असाल तर त्यात ते मोजून घातलेलं असतं. बरगड्या हाताला लागतात म्हणून घाबरून जास्त भरवूही नका, ही अंगकाठीच तशी. वाढ पूर्ण होईपर्यंत सायकलसोबत पळवणं, मुद्दाम उड्या मारायला लावणं नको, बंदिस्त जागेत आपल्या मनाने पळू दे, दमलं की आपण होऊन बसेल. छाती खोल असल्यामुळे पोट फुगून पिळा पडायचा धोका असतो, त्यामुळे दिवसाचं खाणं वाटून द्या आणि जेवल्या जेवल्या धावपळ नको. पोट टम्म झालंय आणि नुसते कोरडे उमाळे येतायत असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला डॉक्टर. झोपायला जाड गादी द्या, अंगावर मांस नाही, फरशीवर कोपरं घासून जखमा होतात.

लसींचं वेळापत्रक इतर पिल्लांसारखंच, ते डॉक्टर सांगतातच. त्यांना आपण सांगायची गोष्ट वेगळी आहे. या जातींच्या अंगात चरबी कमी आणि काही भुलीची औषधं यांच्या यकृतातून हळू निघतात, थायोपेंटलसारख्या औषधाने याच घराण्यातले ग्रेहाउंड फार उशिरा शुद्धीवर येतात हे डॉक्टर मंडळींना बरीच वर्षं माहीत आहे. आता त्याहून चांगली औषधं आहेत. पण ज्यांच्याकडे हाउंड फारसे येत नाहीत अशा ठिकाणी नसबंदीला नेताना जात कुठली ते आधी स्पष्ट सांगा, कोणती भूल देणार ते विचारा, वजन त्याच दिवशी करून घ्या. तसंच रक्ततपासणीत थायरॉइड कमी आलं म्हणून लगेच गोळ्या सुरू करू नका, ग्रेहाउंड आणि सलुकीत थायरॉइडचा आकडा मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा खाली असतो, निरोगी असताना एकदा तपासणी करून तो कागद फाईलला लावून ठेवा, पुढे तुलनेला तोच लागतो.

कळावे,
तुमच्या पुरवणीची नियमित वाचक